वेचणी

त्या माणसाने गाडीची काच खाली केली, आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, 'थँक यू फॉर डूइंग धिस.' मी हातमोजा न काढताच हात वर केला आणि म्हणाले, 'यू आर वेलकम.' घडलं ते एवढंच. ऑक्टोबरातला शनिवार, दुपारचे पावणेतीन, पाऊस नुकता थांबलेला. हायवे ६ सोडून आत, लाकूडवाहतुकीच्या कच्च्या रस्त्यावर, अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या टिलमूकच्या जंगलातली एक जुनी खडीची खाण. सकाळी नऊपासून आम्ही वीस-बावीस जणांनी तिथे वाकून वाकून कचरा वेचला होता, दोन ट्रेलर भरले होते आणि आता वर ताडपत्री बांधत होतो. त्याच्या पिकअपच्या हौद्यात दोरीने आवळलेला एक जुना प्रिंटर होता आणि एक मायक्रोवेव्ह. शेजारच्या सीटवर माझ्या लेकीच्या वयाची, अकरा-बारा वर्षांची मुलगी. बंदुकीच्या आवाजापासून कान झाकायला लावतात ते गुलाबी मफ तिने गळ्यात अडकवले होते. आम्ही निघायची तो वाट बघत होता. घाई न करता, अदबीने, देवळात पुढच्याचं दर्शन आटपेपर्यंत मागचा थांबतो तसा. प्रिंटर आणि मायक्रोवेव्ह कशासाठी आणलेत हे कळायला मला वेळ लागला नाही. सकाळपासून मी त्याच वस्तूंचे तुकडे बादलीत भरत होते.

मी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर ते 'यू आर वेलकम' काही केल्या डोक्यातून जाईना. सांगितल्याप्रमाणे बूट गराजमध्येच काढले, अंगावरचे कपडे वेगळे मशीनला लावले, कोपरापर्यंत हात धुतले. शिशाची धूळ असते, ती घरात न्यायची नाही, असं सकाळीच बजावलं होतं. नवऱ्याने विचारलं, 'कसं झालं?' मी म्हटलं, 'छान.' लेकीने विचारलं, 'खूप कचरा होता का गं?' मी म्हटलं, 'खूप.' रात्री ड्रायर लावला तर आत काहीतरी टण् टण् वाजायला लागलं. थांबवून बघितलं. जॅकेटच्या खिशात राहिलेली, झाडलेल्या गोळीची एक रिकामी पितळी पुंगळी, पॉइंट टू-टूची, करंगळीच्या पेराहूनही बारीक, घासून घासून लख्ख झालेली. मी ती स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मग लक्षात आलं की शेजारीच आईने येताना बांधून दिलेलं निरांजन आहे. दोन्हींचा रंग सारखा, दोन्हींवर दिव्याचा उजेड सारखाच पडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिशाची आठवण झाली तशी ती उचलून गराजमधल्या एका डब्यात टाकली आणि कट्टा पुसून घेतला. पण रात्रभर त्या दोघी तिथे शेजारी शेजारी होत्या.

वेचणं हा शब्द माझ्या लहानपणी फुलांसाठी होता. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरामागे प्राजक्त होता. श्रावण-भाद्रपदात पहाटे खाली सडा पडायचा आणि आजी हाक मारायची, 'अगो, पायदळी जायच्या आधी वेचून घे.' ओल्या मातीवरून ती फुलं उचलताना चिमूट हलकी ठेवावी लागते. जरा दाबलं की पाकळी काळी पडते. देठाचा केशरी रंग बोटांना लागून शाळेत जाईपर्यंत राहायचा. त्या शनिवारी खाणीत पाऊल टाकलं तेव्हा क्षणभर मला तोच सडा दिसला. ओल्या काळसर मातीवर पांढऱ्या चार-चार पाकळ्या, शेकड्यांनी. वाकून एक उचलली तर प्लास्टिक. शॉटगनच्या काडतुसात छऱ्यांना धरून ठेवणारी एक वाटी असते. बार झाला की ती छऱ्यांबरोबर नळीतून बाहेर पडते, हवेत तिच्या पाकळ्या उलगडतात आणि थोडं अंतर जाऊन ती जमिनीवर पडते. पावसाने धुतलेल्या त्या वाट्या खरोखर सुंदर दिसत होत्या. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण होत्या. त्यांच्यामध्ये काडतुसांच्या लाल, हिरव्या, पिवळ्या नळ्या. पिवळी दिसली की ती वीस गेजची, गेज म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, रंग मुद्दाम वेगळा ठेवतात म्हणजे चुकून दुसऱ्या बंदुकीत जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि सगळीकडे भडक नारिंगी रंगाच्या खापऱ्या. हवेत उडवून फोडायच्या त्या मातीच्या कबुतरांच्या. नाव मातीचं, पण त्या चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकटा यांच्या बनवतात. मुठीत धरलं तर चुरा होतो आणि हाताला रस्त्याच्या कामासारखा वास येतो.

कामाची वाटणी झाली. ज्यांना वाकवत नव्हतं त्यांच्या हातात लांब काठी, तिच्या टोकाला तारांचा फिरता गोळा. हे अवजार मुळात सुकामेव्याचं. विलामेट खोऱ्यात हेझलनटच्या बागाच बागा आहेत, अमेरिकेतलं जवळपास सगळं पीक इथलंच, तेव्हा झाडाखाली पडलेली फळं वेचायचा हा गोळा इथे कुणाकडेही सापडतो. जमिनीवरून लोटत नेला की तारा फाकतात, पुंगळी आत शिरते आणि आतच राहते. दुसऱ्या एकाकडे चाकांवरचं लोहचुंबक, खिळ्यांसाठी. लोक लाकडी पॅलेट आणतात, त्यांवर निशाणं ठोकतात, थंडी वाजली की तीच पेटवतात. लाकूड जळतं, खिळे राखेत राहतात आणि पुढच्या गाडीच्या टायरात जातात. चुंबक पितळेला धरत नाही, ते हातानेच वेचायचं. माझ्याकडे बादली आली आणि दरडीच्या पायथ्याचा पट्टा. या खाणी नेमबाजांना आवडतात त्या दरडीमुळेच. रस्त्यासाठी खडी काढून डोंगर उभा कापलेला असतो, गोळी आरपार जायची भीती नाही. म्हणून सगळी निशाणं तिथेच मांडलेली, सगळे अवशेष तिथेच. तीन टीव्ही, त्यातला एक जुना, पेटीसारखा, त्याच्या जाड काचेचे तुकडे मातीत खोल गेलेले. वॉशिंग मशीनचं दार. बाटल्या किती ते विचारूच नये. प्रोपेनचं नळकांडं दिसलं तर हात लावायचा नाही, गुलाबी फीत बांधून हाक मारायची. आणि एक लहान मुलांचा प्लास्टिकचा डुलता घोडा, निळा, त्याच्या पोटाला सतरा भोकं. मी ती मोजली. एका भोकात पावसाचं पाणी साचून त्यात शेवाळ धरलं होतं.

माझं बंदुकीशी नातं तसं परकं नाही. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढलेली. माजघरात खुंटीला टांगलेली असायची आणि तिच्याकडे बोट दाखवायचीसुद्धा आम्हाला बंदी होती. वानरांची टोळी परसात उतरली की आजोबा ती खाली घेत, दारू ठासत, वर काथ्याचा बोळा सारत आणि छर्रे न घालता नुसताच बार काढत. समोरचा डोंगर दोनदा उत्तर द्यायचा. मग बराच वेळ पक्षी गप्प आणि अंगणात गंधकाचा वास. निवडणूक जाहीर झाली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आजोबा तिची पावती पंचांगाच्या पानांत जपून ठेवत. एका बंदुकीचा एवढा हिशेब. बाकी माझी नेमबाजी जत्रेतल्या फुग्यांपुरती. इथे आल्यावर बंदूक हा शब्द बदलला. लेक पहिलीत असताना एक दिवस घरी येऊन सहज म्हणाली की आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसायची प्रॅक्टिस केली, मी सगळ्यांत शांत बसले म्हणून टीचरने मला शाबासकी दिली. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर करायची ती प्रॅक्टिस. त्या रात्री मला झोप आली नाही. आणि त्याच घरात १ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्ही तिघं पलंगावर लॅपटॉप ठेवून श्वास रोखून बसलो होतो, कारण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला पन्नास मीटर रायफलच्या अंतिम फेरीत उभा होता. त्या निशाणावरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळत होतं, तेही बंदुकीने, आणि मी लेकीला घट्ट धरून रडत होते. या दोन रात्री माझ्या मनात एकमेकींशी बोलत नाहीत. खाण साफ करायच्या मोहिमेचा निरोप आला तेव्हा मी नाव नोंदवलं ते बहुधा या दोघींपैकी कुठल्या तरी एकीमुळे. कुठल्या, ते अजून नीट सांगता येत नाही.

मनात धरून गेले होते की तिथे माझ्यासारखे लोक असतील, बंदुकांना घाबरणारे, झाडांवर माया करणारे. निघाले निम्म्याहून जास्त नेमबाजच. आमचा म्होरक्या साठीच्या पुढचा, नारिंगी बिनबाह्यांचं जाकीट घातलेला, हातांची बोटं जाडजूड. म्हणाला, मी दहा वर्षांचा असल्यापासून या जंगलात नेम धरतोय. जागा घाण झाली की सरकार ती बंद करतं, मग लोक पुढच्या खाणीत जातात, तीही घाण होते. आमचंच आहे, आम्हीच काढायचं. इथे सार्वजनिक जंगलात नेमबाजी करणं हा मुळात गुन्हा नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वनांत, उदाहरणार्थ, घर, तळ किंवा माणसांची वर्दळ असलेल्या जागेपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडायची नाही, रस्त्यावरून किंवा पाण्यावरून झाडायची नाही, असे नियम आहेत. ते पाळून दिवसभर नेम धरा. त्याच माणसाने डबा खाताना मला सांगितलं की बंदुका आणि काडतुसं यांच्यावर एक केंद्रीय कर आहे, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के, आणि १९३७ च्या एका कायद्याने तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी जातो. घरी येऊन मी तपासलं. खरं आहे. म्हणजे मी वेचलेल्या प्रत्येक पुंगळीने कुठल्या तरी हरणासाठी, कुठल्या तरी पाणथळीसाठी काही सेंट भरलेले होते. हे कळल्यावर बादली हलकी झाली नाही. पण रागाला टेकायला जी भिंत लागते, ती थोडी सरकली.

डबा खायला माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. पंचाहत्तरी उलटलेली, पाठ ताठ, हातात चिमटा. समोरच्या उतारावर डग्लस फरची उंच सरळ झाडं होती, धुक्यात शेंडे बुडालेले. त्या म्हणाल्या, 'ही आम्ही लावली.' मला वाटलं आम्ही म्हणजे ओरेगनची माणसं. त्या म्हणाल्या, नाही, मी. चौथीत असताना. पोर्टलंडहून शाळेची बस यायची, प्रत्येकाला रोपांची पिशवी मिळायची, एकाने कुदळीने खाच करायची, दुसऱ्याने रोप सोडायचं, तिसऱ्याने पायाने माती दाबायची. त्या दाबणाऱ्या होत्या, कारण कुदळ उचलत नव्हती. नेमका उतार कुठला ते आता आठवत नाही. म्हणाल्या, 'म्हणून मी सगळ्यांनाच माझी म्हणते.'

या जंगलाची गोष्ट मला वरवर ठाऊक होती, शाळेच्या सहलीला टिलमूक फॉरेस्ट सेंटरमध्ये लेकीबरोबर गेले होते, तिथल्या चाळीस फुटी टेहळणी मनोऱ्यावर चढले होते. पण त्या दिवशी ती गोष्ट पायाखालची झाली. १९३३ च्या ऑगस्टमध्ये गेल्स क्रीकजवळ लाकूडतोड चालू असताना आग लागली आणि सुमारे २,४०,००० एकर जुनं रान जळालं. मग १९३९, मग १९४५, मग १९५१. बरोबर सहा-सहा वर्षांनी आग परत यायची, जळलेलंच पुन्हा जाळायची. एकूण ३,५५,००० एकर. या टापूला लोक टिलमूक बर्न म्हणायला लागले, टिलमूकचा जळका भाग. मालकांनी कर भरायचं सोडून दिलं, काळ्या खुंटांचा डोंगर घेऊन करायचं काय? जमीन काउंट्यांकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्यांकडे आली, काउंट्यांकडून राज्याकडे. १९४८ मध्ये लोकांनी मत देऊन कर्ज काढायला मंजुरी दिली आणि पुढच्या वर्षापासून लागवड सुरू झाली. मजूर, तुरुंगातले कैदी, शाळेतली पोरं, हेलिकॉप्टरमधून बी. सुमारे ७ कोटी २० लाख रोपं. १९७३ मध्ये त्याला टिलमूक राज्य वन हे नाव मिळालं. आपल्याकडे सार्वजनिक जमीन म्हटलं की गायरान आठवतं, गावाने मुळापासून सगळ्यांची म्हणून राखलेली. ही जमीन सगळ्यांची झाली ती कुणालाच नको होती म्हणून. आधी नकोशी झाली, मग एकेक रोप दाबून हवीशी केली. मी बराच वेळ त्या आजींच्या बुटांकडे बघत होते.

दरडीच्या डाव्या अंगाला तशीच एक फर अर्धी मोडून शेजारणीवर कलली होती. वाऱ्याने पडलेलं झाड बहुधा मुळासकट पडतं किंवा उभं चिरतं. हिचं खोड छातीच्या उंचीवर कुरतडल्यासारखं झालेलं, घुशीने कणगी कुरतडावी तसं. कुणीतरी तिच्यावर निशाण लावलं, मग दुसऱ्याने लावलं, भोकांचा कमरपट्टा झाला आणि मग एखाद्या वाऱ्यात ती गेली. आजूबाजूला चीक ओघळून सुकलेला, मेणासारखा पिवळा. ती कुणाच्या अंगावर यायला नको म्हणून, आरी चालवायचं शिक्षण घेतलेल्या एकाने ती खाली घेतली. ओल्या लाकडाचा वास खाणभर पसरला, संत्र्याच्या सालीसारखा, आणि त्यामागून डांबराचा. कापलेल्या बुंध्यावर मी मधल्या टिंबापासून वर्षावर्षाच्या वाढीच्या गोल कडा मोजायला लागले. पन्नासपर्यंत आले, पुढच्या इतक्या दाट होत्या की बोट घसरत राहिलं. आजी उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. चिमट्याने बुंध्याजवळची एक लाल नळी उचलली आणि माझ्या बादलीत टाकली.

दिवसाच्या शेवटी खाण ओळखू येत नव्हती. पण मला दरडीकडे बघवेना. वरवरचं सगळं आम्ही नेलं होतं. गोळ्या आत होत्या, डोंगराच्या पोटात, वर्षानुवर्षांच्या. मातीत हात घातला की एखादी चेपलेली गोळी लागायची, वर पांढुरकी पूड धरलेली. ती पूड म्हणजे शिसं हवेपाण्याशी बोलायला लागल्याची खूण. फरच्या काट्यांनी इथली माती आंबट असते, पाऊस तर आठ-आठ महिने, आणि आंबट मातीत शिसं लवकर सुटतं. खाणीच्या खाली ओहोळ आहे, ओहोळ पुढे विल्सन नदीला मिळतो, विल्सन नदीत साल्मन मासे येतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायला या देशात १९९१ पासून बंदी आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची कुठलीच गोळी चालत नाही, तिथे गिधाडकुळीतले काँडॉर मेलेल्या जनावरांतलं शिसं खाऊन मरत होते. नुसता नेम धरायला आलेल्यांना मात्र शिशाची गोळी चालते. दरडीतलं शिसं काढायचं तर माती खणून चाळावी लागते, त्याला यंत्रं लागतात, पैसा लागतो. वीस माणसं आणि वीस बादल्या यांना ते जमत नाही.

रविवारी आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, 'अगो, बंदुकांच्या जागी कशाला गेलीस कडमडायला? तुला आणि काही काम नाही?' मग जरा थांबून, 'कचरा मिळाला का गं उचलायला सगळा?' तिला माझी राजगडाची मोहीम आठवत असणार. कॉलेजात असताना आम्ही पद्मावती माचीवरच्या एका टाक्यातला गाळ काढायला गेलो होतो. घमेल्यांची साखळी, कंबरेपर्यंत चिखल, आणि गाळातून निघालेल्या दारूच्या बाटल्या. तेव्हा मला राग सोपा होता. दुपारी एक टोळकं बाटल्या घेऊन वर आलं तेव्हा आम्ही चिखलाच्या अंगाने त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो आणि मी, एकोणीस वर्षांची, त्यांना एवढं बोलले की त्यांतल्या एकाने माझी माफी मागितली. तिथे बोलायचा हक्क आहे की नाही असा प्रश्नच मनात आला नव्हता. गावच्या देवराईत तर बोलायचीही गरज नसे, वाळकी काटकी उचलायची म्हटली तरी देवीचं भय पुरे व्हायचं. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी मी बेचाळीस वर्षांची होते, या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन दोन वर्षं झाली होती, आणि माझ्या तोंडून 'यू आर वेलकम' निघालं. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. की मीच पाहुणी होते म्हणून? हौद्यातल्या मायक्रोवेव्हकडे माझी नजर गेली, त्याने ती जाताना पाहिली, आणि आम्ही दोघंही हसलो. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे आभार खोटे नव्हते. मुलीला शिकवायला आणलं होतं, जसं त्याला कुणीतरी आणलं असेल. ती खिडकीतून आमच्या भरलेल्या ट्रेलरकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काय चाललं होतं हे मला कळलं असतं तर मी कदाचित बोलले असते. त्याच्याही घरी ड्रायर असेल, त्याच्याही खिशातून पुंगळ्या निघत असतील. भीती वाटली का मला? वाटली. त्याच्या गाडीत बंदूक होती आणि माझा रंग, माझा उच्चार माझ्याबरोबर होता. पण आता आठवते तेव्हा भीती त्यात सगळ्यांत लहान वाटते. मोठं होतं ते हे, की ही जागा माझीही आहे असं वाक्य मला त्या क्षणी इंग्रजीत सापडलं नाही. मराठीत लगेच सापडलं असतं.

हिवाळाभर मी ती वाक्यं जुळवत राहिले. भांडी घासताना, लेकीला पोहायला सोडून गाडीत बसले असताना. तो मायक्रोवेव्ह परत नेणार आहात ना? फार खोचक. हे इथे मांडायला परवानगी नाही. मी कोण पोलीस? तुमच्या मुलीच्या बुटांना शिसं लागेल, घरी गेल्यावर धुवा. हे बरं होतं, पण ते म्हणायला आधी थांबावं लागलं असतं, ओळख काढावी लागली असती. आजी असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हेही मनात येऊन गेलं. त्या तर ट्रेलरच्या पलीकडेच उभ्या होत्या, त्यांनीही पाहिलं होतं. त्याही गप्प राहिल्या होत्या.

मार्चमध्ये दुसरी मोहीम निघाली तेव्हा लेक म्हणाली मी येणार. सोळा वर्षांखालच्यांना दरडीजवळ काम नाही, म्हणून तिला रस्त्याकडेच्या पट्ट्यात बाटल्या आणि कागद दिले. पाऊस बारीक, भुरभुर. सामनबेरीच्या झुडपांना गुलाबी फुलं आली होती, अजून पानं नीट फुटायच्या आधीच. खाण आम्ही सोडली होती तशी अर्थातच नव्हती. पाच महिन्यांची नवी भर होती, आणि दरडीच्या पायथ्याशी एका मायक्रोवेव्हचं दार. त्याचंच का ते सांगता येणार नाही, सगळ्या मायक्रोवेव्हची दारं सारखीच. मी ते उचललं. म्होरक्या म्हणाला, गेल्या वेळेपेक्षा कमी आहे. खरंच कमी होतं, की पाच महिन्यांत मावतं तेवढंच होतं, मला ठरवता आलं नाही. आजी आल्या नव्हत्या. विचारलं तर कळलं की गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उन्हाळ्यात येतील.

दीडच्या सुमाराला एक हिरवी व्हॅन आली आणि लेकीच्या जवळच थांबली. आत दोन तरुण पोरं, विशी-बाविशीची. मी बादली खाली ठेवली आणि चालत गेले. हातमोजा काढला. काच खाली आली. मी विचारलं, 'व्हॉट आर यू शूटिंग टुडे?' आवाज मला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. चालवणाऱ्याने मागच्या सीटवरचं खोकं दाखवलं. मातीची कबुतरं, नवी, नारिंगी, एकात एक रचलेली. म्हणाला, ही मातीत विरघळतात, डब्यावर लिहिलंय. लेक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या बादलीत तळाशी खापऱ्यांचा थर होता, फिकट झालेल्या, काहींवर शेवाळ. तिने बादली खिडकीपर्यंत उचलून धरली. त्याने आत बघितलं, मित्राने मान पुढे काढून बघितलं. मी खिशातली काळी पिशवी काढून त्याला दिली आणि म्हटलं, 'हे जंगल शाळेतल्या पोरांनी लावलंय. नळ्या आणि पांढऱ्या वाट्या तेवढ्या यात टाका.' त्याने पिशवी घेतली, 'शुअर, मॅम' म्हणाला.

चार वाजता आम्ही निघालो तेव्हा ते दोघं वरच्या खाणीत होते. आवाज येत होता, एक, थोड्या वेळाने दुसरा, आणि डोंगराचं उत्तर. व्हॅन वळणावर उभी होती. जाताना लेकीने काचेतून आत डोकावून बघितलं. पिशवी डॅशबोर्डवर होती, घडी अजून मोडली नव्हती.